वाया, शिल्लक आणि अधिक

आमच्याकडे कॅमेरा तांदळाच्या डब्यात असे. वाईची पावसाळी हवा, कृष्णा घरापासून दोन आळ्या पलीकडे, आषाढ ते भाद्रपद भिंतींना ओल. भिंगावर बुरशी धरते असं अण्णांना कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून जुन्या धोतराच्या पिशवीत घालून, नाडी आवळून, तो तांदळावर ठेवलेला असायचा. भात टाकताना आई आधी कॅमेरा बाहेर काढायची, मापटं भरायची, मग तो पुन्हा आत. दिवसातून दोनदा. म्हणजे घरात त्या कॅमेऱ्याला सगळ्यात जास्त हात आईचा लागला. तिनं त्यातून एकही फोटो कधी काढला नाही, आणि त्यानंही तिचा फारसा काढला नाही.

कॅमेरा होता आग्फा क्लिक थ्री. अण्णा शाळेत मास्तर. बदली होऊन गेलेल्या एका सहकाऱ्याकडून त्यांनी तो जुना घेतला. काळा डबा, वर एक खिट्टी, भिंगाशेजारी ढगाचं आणि सूर्याचं चित्र. ऊन असेल तर सूर्यावर लावायचं, नसेल तर ढगावर. त्यापलीकडे अक्कल लढवायला वाव नव्हता. एकशेवीसचा रोल बसायचा आणि त्यावर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो यायचे. मागे एक गोल लाल खिडकी होती, तिच्यात आकडा दिसायचा. एक फोटो काढला की दुसरा आकडा येईपर्यंत रोल हातानं फिरवायचा. त्या खिडकीतून उजेड शिरेल म्हणून अण्णांनी तिच्यावर काळी चिकटपट्टी लावली होती.

बारा फोटो आणि बारा महिने हे गणित त्यांना कधी सुचलं ते ठाऊक नाही. बहुधा पगाराकडे बघून सुचलं असावं आणि नंतर त्याला तत्त्वाचं रूप आलं असावं. मास्तरांच्या घरात असं होतं. नियम असा की पाडव्याला गुढी उभारली की नवा रोल भरायचा, महिन्याला एक फोटो काढायचा आणि फाल्गुन सरला की रोल धुवायला टाकायचा. रोल ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, ‘इंदू’ नावाचा. वर्षभर कॅमेऱ्यात राहिलेला रोल पाहून स्टुडिओवाले कुरकुरायचे. चैत्र-वैशाखाचे फोटो जरा फिके येतात म्हणायचे. यायचेही. पण शके १८९७ ते शके १९०८ अशी बारा वर्षं अण्णांनी हा क्रम मोडला नाही. बारा पाकिटं आहेत. प्रत्येकावर शक, आणि प्रत्येक फोटोच्या मागे शिसपेन्सिलीनं महिना आणि दोन-तीन शब्द. ‘वैशाख. आंब्याची अढी.’ ‘ज्येष्ठ. वड, सुरूर रस्ता.’ ‘श्रावण. पूर.’

महिना लागला की घरात विषय निघायचा, “या महिन्याचं काय?” मला, दादाला, आजीला, सगळ्यांना मत असायचं. दादाला दर महिन्याला पांडवगड हवा असायचा. आजीला देव. मला मी. अण्णा ऐकून घ्यायचे आणि अमावास्येपर्यंत थांबायचे, कारण काय सांगावं, अजून काहीतरी बरं दिसेल. त्यांच्या थांबण्याचा आम्हाला राग यायचा. बहावा फुलला की मी नाचायची, आत्ता काढा, आत्ता काढा. ते म्हणायचे, “वैशाखाचे अजून नऊ दिवस आहेत.” आणि नवव्या दिवशी वळवानं सगळी फुलं खाली आणलेली असायची. मग ते खाली पडलेल्या फुलांचा फोटो काढायचे. काळ्यापांढऱ्या रोलवर पिवळ्या फुलांचा सडा म्हणजे राखाडी जमिनीवर फिकट राखाडी ठिपके. मागे लिहिलं आहे, ‘वैशाख. बहावा (खाली).’ तो कंस मला फार आवडतो.

श्रावणातला पूर मात्र ठरलेला होता. कृष्णेला पाणी आलं की अण्णा कॅमेरा शर्टात घालून पुलावर जायचे आणि ढोल्या गणपतीचा फोटो काढायचे. हे देऊळ १७६२ सालचं, रास्त्यांनी बांधलेलं. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी तिच्यावर येऊन दुभंगावं म्हणून. अण्णा हे आम्हाला दर वर्षी सांगायचे, जणू भिंत त्याच आठवड्यात बांधून झाली आहे. फोटोत मासा दिसत नाही. पाणीही दिसत नाही. वरती एक राखाडी, खाली एक राखाडी, मध्ये शिखराचा टेकाडासारखा आकार. कॅमेरा ढगावर लावला तरी वाईचा श्रावण त्याला झेपत नव्हता.

हे मला फार उशिरा उमगलं. गेल्या काही वर्षांत पाकिटं काढून क्रमानं मांडली तेव्हा. त्या कॅमेऱ्याच्या भिंगाचं तोंड बारीक, शटरचा वेग ठरलेला. दोन्ही बदलायची सोय जवळपास नाहीच. भरपूर ऊन असेल तरच तो बघू शकायचा. फ्लॅश जोडता यायचा, पण त्या काळचा फ्लॅशचा बल्ब एका फोटोला एक जळायचा, आणि एका क्षणासाठी एक बल्ब जाळणं अण्णांच्या हिशेबात बसत नव्हतं. त्यामुळे आमच्या घरातले सगळे सण फोटोत दुसऱ्या दिवशी सकाळी येतात. दिवाळी म्हणजे विझलेल्या पणत्या आणि पायानं फिसकटलेली रांगोळी. कोजागरी म्हणजे गच्चीवर उपडं घातलेलं पातेलं. तुळशीचं लग्न म्हणजे आदल्या रात्रीचा उसाचा मांडव, कावळ्यानं ओढलेल्या चुरमुऱ्यांसकट. माझ्या मैत्रिणी म्हणतात, तुमच्या फोटोंत काय ग सगळं उरकल्यासारखं दिसतं. उरकलेलंच असायचं. मला मात्र सणाचा दुसरा दिवस अजूनही सणापेक्षा देखणा वाटतो, आणि ही आवड मला कुठून आली ते आता कळलं आहे.

आणि त्यामुळेच आई फोटोत नाही.

मी मोजलं. एकशे चव्वेचाळीस फोटोंत आई अकरा वेळा आहे. त्यातले चार पाठमोरे, दोन लग्नातल्या घोळक्यात, वटपौर्णिमेच्या दोघींतिघींत एक अर्धी. आजी सत्तावीस वेळा आहे, कारण आजी उन्हात बसायची. आम्ही मुलं अंगणात खेळायचो. गायसुद्धा सहा वेळा आहे. आईचा दिवस जायचा मागच्या स्वयंपाकघरात. तिथे एक झरोका, एक चाळीसचा दिवा आणि चुलीचा धूर. कॅमेऱ्याच्या हिशेबी ती खोली नव्हतीच. अण्णांनी आईला मुद्दाम वगळलं असं मी अजिबात म्हणणार नाही. पण उजेडात कोण येतं आणि कोणाला यायला सवड असते, हे ठरवणारं कॅमेऱ्याआधीच घरात काही होतं, हेही खरं. कॅमेऱ्यानं फक्त ते मुकाट्यानं नोंदवलं.

एकदा त्यांनी प्रयत्न केला होता. शके १९०० चा पौष. आई तीळ भाजत होती. झरोक्यातून सकाळचं तिरपं ऊन धुरात उतरलं होतं, असं सगळ्यांनी बाहेरून बघितलं आणि दादा ओरडला, अण्णा, हेच! अण्णांनी उंबऱ्यावर कॅमेरा टेकवला, श्वास धरला, खिट्टी दाबली. चैत्रात फोटो आले तेव्हा हा फोटो काळा होता. मागे एकच शब्द आहे, ‘वाया.’ महिनाही लिहिलेला नाही. आम्ही दोन-चार दिवस हळहळलो, कारण पौष कायमचा गेला.

परवा मी ती निगेटिव्ह स्कॅन करून घेतली. काम करणाऱ्या मुलानं उजेड वाढवून बघितला, तर नुसती वाळू वर आली. जे टिपलंच गेलं नव्हतं ते येणार कुठून? मी त्याला म्हटलं, राहू दे, आहे तसा ठेव. काळ्या चौकोनात उजवीकडून एक पट्टा उतरतो. त्या पट्ट्यात धूर. आणि पट्ट्याच्या टोकाला, ऊन जिथे संपतं तिथे, कढईचा एक काठ, चार बांगड्या, उलथनं धरलेली तीन बोटं. बाकी आई अंधारात. अण्णांच्या सगळ्या फोटोंत मला हा अव्वल वाटतो. त्यांना सांगायची सोय आता नाही, त्यांना जाऊन सात वर्षं होऊन गेली. सांगितलं असतं तर म्हणाले असते, “तुझं काहीतरीच. पौष कुठं आहे यात?”

दुसरा फोटो शके १९०५ चा. त्या वर्षी कार्तिकाचा फोटो काढून झाल्यावर अण्णा रोल फिरवायला विसरले. त्या कॅमेऱ्याला तुम्ही विसरलात हे कळत नसे. मार्गशीर्षात आजी परसात शाल गुंडाळून ऊन खात बसली होती, तिचा फोटो काढला तो त्याच चौकोनावर. धुऊन आल्यावर बघतो तर काय, तुळशीवृंदावनाच्या पोटात आजी बसलेली, दोन्ही खांद्यांतून ऊस उगवलेले, कपाळावर मोरपीस. आजीनं स्वतः बघितलं आणि म्हणाली, “बरं झालं, तुळशीत जागा मिळाली.” आई मात्र धास्तावली. जिवंत माणूस असं तुळशीत दिसणं बरं नव्हे, म्हणून तिनं सत्यनारायणही घातला. आजी त्यानंतर नऊ वर्षं ठणठणीत होती आणि शेवटपर्यंत उन्हात बसली.

पण मला सांगायचं आहे ते त्या चुकीच्या पुढचं. दोन महिने एका चौकोनात गेल्यामुळे फाल्गुनाचा फोटो काढून झाला, बावधनच्या बगाडाचा, तरी रोलवर एक जागा उरली. लाल खिडकीत बारा दिसेना, अकराच. अण्णांनी दोनदा चिकटपट्टी उचलून बघितलं. पाडवा चार दिवसांवर होता. मग त्यांनी मागच्या दारी जाऊन हाक मारली, “अहो, जरा बाहेर या.” माझे वडील आईला चारचौघांत ‘अहो’ म्हणायचे, गमतीनं; आई त्याला उत्तर द्यायची नाही. “हात कणकेचे आहेत,” ती आतून म्हणाली. “असू द्यात.”

ती आली. दुपारचं डोक्यावरचं ऊन. फोटोत ती अंगणाच्या मधोमध एकटी उभी आहे, डोळे जवळजवळ मिटलेले, कपाळावर हात आडवा धरलेला आणि त्या हाताला कणीक. पदर खोचलेला. तोंड किंचित उघडं आहे. ती काहीतरी बोलत होती. काय बोलत होती हे मी तिला विचारलं आहे. तिला आठवत नाही. “पोळी करपत असेल,” ती म्हणाली. बारा वर्षांत आईचा एकटीचा, समोरून, हा एवढा एक फोटो. मागे अण्णांनी लिहिलं आहे, ‘शिल्लक.’

हा शब्द वाचून मला पहिल्यांदा वाईट वाटलं होतं. नंतर वाटेनासं झालं. घर चालवणारी माणसं शिलकेबद्दल किती आदरानं बोलतात, ते आठवलं.

आता अधिक महिन्याचं. बारा चौकोनांच्या या व्यवस्थेत तेराव्या महिन्याला जागाच नव्हती. साधारण तेहेतीस महिन्यांनी अधिक यायचा आणि अण्णा हिशेब सोपा करायचे की धोंड्याच्या महिन्यात मंगलकार्य नाही, तसा फोटोही नाही. शके १९०४ ला तर दोन अधिक आणि एक क्षय, म्हणजे गळलेला महिना; पंचांग बघून ते आठवडाभर अस्वस्थ होते. अखेर क्षय महिन्याला फोटोतही क्षय द्यावा लागला आणि उरलेली जागा कुणाला द्यायची यावरून घरात सभा झाली. (दादाचा पांडवगड जिंकला.)

पण अधिकात काय असायचं? अधिकात जावयाचा मान. म्हणजे आम्ही सगळे आईच्या माहेरी. सातारा, उंब्रज अशा एस्ट्या बदलत पाटणपलीकडे, मोरणेच्या खोऱ्यात. आईच्या माहेरी एरवी जाणं व्हायचं ते एकटीचं, धावतं. अधिकात मात्र अण्णा पाहुणे, आई लेक, आणि चार दिवस तिला कुणी हाक मारायचं नाही. १९८५ च्या अधिक श्रावणातलं मला लख्ख आठवतं, कारण तेव्हा मी तेरा वर्षांची होते. घराच्या उंबऱ्यापर्यंत भाताची खाचरं, त्यांत ढग. पुरणाचे धोंडे. जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण, त्यावर तुपाचा दिवा. त्या वर्षी आजोळच्या आजीचे पहिले अनारसे तुपात पडताच हसले, म्हणजे विरघळून कढईभर झाले. आजी रडवेली झाली, आणि आई एवढी हसली, एवढी हसली की तिला भिंत धरून बसावं लागलं. वाईत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. ओला पदर, मांडीवर सांडलेली खसखस, मागच्या दारातून पावसाचा हिरवा उजेड.

फोटो नाही. कॅमेरा वाईला, तांदळाच्या डब्यात.

त्या घराचा एकही फोटो नाही. मामांनी ते पुढे पाडून स्लॅबचं बांधलं. “माझ्या माहेराला अण्णांच्या पंचांगात जागाच नव्हती,” असं आई एकदा म्हणाली. चिडून नाही. वांगी चिरता चिरता.

माझ्या फोनमध्ये आज चौदा हजारांवर फोटो आहेत. अण्णा गेल्यावर मी ठरवलं होतं, महिन्याला एकच काढायचा, त्यांच्यासारखा. चैत्र पार पडला. वैशाखात पुण्याच्या आमच्या रस्त्यावर ताम्हण फुलली आणि मी एका सकाळी एकवीस फोटो काढून बसले. संयम उसना घेता येत नाही. तो परिस्थितीनं लादावा लागतो. पुढे हौसेनं मोठा कॅमेराही घेतला आणि भाद्रपदात कासच्या पठारावर गेले. तेरडा, सोनकी, कुंपणाच्या जाळीला चिकटून उभे आम्ही शेकडो जण. घरी येऊन बघितलं, तर माझे फोटो इतके चांगले आले होते की ते कुणाचेही असू शकले असते. मोठा कॅमेरा आता कपाटात आहे. तांदूळ पॅकबंद पिशवीत येतो, डबा उरला नाही.

फोनवर मी वाकडं मात्र बोलणार नाही. ‘तुम्ही नुसते फोटो काढता, बघत नाही’ असं म्हणणारी माणसं मला भेटतात आणि बहुतेकदा त्यांच्या लहानपणीच्या घरात स्वयंपाकघर कोण सांभाळायचं ते त्यांना विचारावंसं वाटतं. फोन अंधारात बघू शकतो. ही गोष्ट लहान नाही.

२०२३ साली पुन्हा अधिक श्रावण आला. साधारण दर एकोणीस वर्षांनी तोच महिना अधिक होऊन येतो. १९८५, २००४, २०२३. आई वाईच्याच घरी राहते, जागा सोडायला तयार नाही. तिनं आठ दिवस आधी फोन केला, “जावईबापूंना घेऊन ये, तांदूळ भिजत घातलेत.” अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, कापडावर सुकवायचे, कुटून गुळात मळून गोळा मुरायला ठेवायचा. शहात्तराव्या वर्षी हे सगळं एकटीनं. मी ओरडले. तिनं ऐकलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा पाऊस कोसळत होता आणि वीज गेलेली. स्वयंपाकघर तेच. चुलीच्या जागी ओटा आणि गॅस, पण झरोका एवढासाच, आणि त्यातून येणारा उजेड न आल्यासारखा. आई गॅसपाशी स्टुलावर बसली होती. खसखशीवर अनारसा थापायचा, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा, झाऱ्यानं वरून तूप उडवायचं, न उलटता काढायचा. निळ्या ज्योतीचा उजेड खालून तिच्या हनुवटीवर. मी फोन धरला. फोननं सांगितलं, तीन सेकंद हलू नका. मी आईला म्हटलं, आई, जरा स्थिर राहा.

“आणि हा करपू दे?”

तिनं हात थांबवला नाही. फोटोत तिचा हात म्हणजे नुसता धूसर पंखा आहे. चेहरा स्वच्छ. कपाळावरची आठी, कानातली कुडी, मागे फळीवर ओळीनं डबे, त्यांतला तिसरा तांदळाचा. झरोक्यात पाऊस. तुपाच्या कडेला सोनेरी रेघ. अण्णांना बारा वर्षांत जे मिळालं नव्हतं ते सगळं तीन सेकंदांत आलं होतं. त्यांना कॅमेरा अपुरा पडला, मला पुरला, एवढाच फरक. उंबऱ्यावर श्वास धरून मीही तशीच उभी होते.

मी फोन तिच्यापुढे धरला. तिनं पदराला हात पुसले, चष्मा वर सारला आणि नातवानं शिकवलेली दोन बोटं फाकवून फोटो मोठा करू लागली. स्वतःच्या चेहऱ्यावरून पुढे गेली. डब्यांवरून पुढे गेली. कढईपाशी थांबली, आणखी मोठा केला, बराच वेळ बघत राहिली.

“हा बघ,” ती म्हणाली, “मागचा. हसलाय.”